'टेक'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? आधी मराठीत म्हणून बघा

प्रश्न असा आलाय: अ‍ॅपवर 'टेक' म्हणजे 'तोमार' असं शिकलो म्हणून गृहपाठात सगळीकडे तोमारच घातलं. छत्री घेऊन जा, बूट काढ, एक नजर टाक, मला एअरपोर्टला ने, तो बापावर गेलाय अशी पाच वाक्यं होती, इंग्रजीत पाचही ठिकाणी टेक, आणि पाचच्या पाच चुकली. मग टेकला नक्की शब्द कुठला?

नाहीये हो. आणि तुमची पाच वाक्यं तुम्हीच मराठीत लिहिलीत ती परत वाचा, तुम्ही तरी कुठे एक शब्द वापरलाय? घेऊन जा, काढ, टाक, ने, गेलाय. पाच वाक्यं पाच क्रियापदं. स्पॅनिश माणूसही असाच वागतो. आपण शाळेपासून ठरवलेलं असतं की परदेशी भाषा शिकायची म्हणजे इंग्रजीच्या दारातूनच जायचं, त्यामुळे मराठीतला सरळ रस्ता दिसतच नाही. मीही पहिलं वर्षभर असंच केलं, मग एकदा वहीच्या मागच्या पानावर मराठी क्रियापदं लिहून समोर स्पॅनिश लिहायला लागलो आणि 'काढणे'पाशी आलो तेव्हा अक्षरशः हसू आलं.

'साकार' असं क्रियापद आहे (आपल्या साकारसारखंच लिहितोय, फक्त जोर दुसऱ्या अक्षरावर द्या). मूळ अर्थ आतून बाहेर काढणे. आता बघा, फोटो काढणे साकार ऊना फोतो, बँकेतून पैसे काढणे साकार दिनेरो, तिकीट काढणे साकार एन्त्रादास, झेरॉक्स काढणे साकार फोतोकोपियास, दाढ काढणे, रक्त काढणे, चांगले मार्क काढणे, सगळीकडे साकार. इथपर्यंत ठीक आहे म्हणाल, पण विषय काढणेसुद्धा साकार एल तेमा, निष्कर्ष काढणे साकार कोन्क्लुसिओनेस, वेळ काढणे साकार तिएम्पो. आणि माझं सगळ्यात लाडकं, पेन्सिलला टोक काढणे, साकार पुन्ता, पुन्ता म्हणजे टोक. आता हे इंग्रजीतून शिकायचं तर टेक, विथड्रॉ, बाय, गेट, शार्पन अशी वरात पाठ करायची, आणि मराठीतून शिकायचं तर एक शब्द. या दोन भाषांचं काही जवळचं नातं आहे म्हणून हे होतं असं नाही, आतली वस्तू बाहेर आणायची कल्पना दोघींनी आपापली ताणली आणि ती योगायोगाने बऱ्याच ठिकाणी सारखीच ताणली गेली.

पण लगेच सगळ्या 'काढणे'ला साकार लावू नका, कारण तुमचं बुटाचं वाक्य तिथेच अडकतं. अंगावरचं, पृष्ठभागावरचं काढायचं असेल तर स्पेन, मेक्सिकोकडे 'कितार' म्हणतात. खिशातून पाकीट काढलं ते साकार, डोक्यावरची टोपी काढली ती कितार, शर्टावरचा डाग काढला तोही कितार. म्हणून बूट काढ म्हणजे कीताते लोस सापातोस. गंमत म्हणजे अर्जेंटिनात बूट, कपडे काढायलाही सर्रास साकारच वापरतात, म्हणजे मराठी माणसाने तिकडचं स्पॅनिश शिकावं, एक शब्द वाचतो. आणि आपण 'एक झोप काढतो' म्हणतो तिथे मात्र साकार चालत नाही, तिथे लागतं एचार, ते आता सांगतो.

एचार म्हणजे टाकणे. नजर टाकणे, एचार उन विस्तासो, शब्दाला शब्द. गाडीत पेट्रोल टाकणे एचार गासोलिना, पेटीत पत्र टाकणे एचार ऊना कार्ता, भाजीत मीठ टाकणे तेही एचार. दुपारची डुलकीसुद्धा ते टाकतात, एचार ऊना सिएस्ता. (आपण मारतो. फेरफटकाही आपण मारतो, ते 'देतात', दार उन पासेओ. असो, सगळंच जुळलं तर भाषा शिकायला मजा काय.)

ने आणि आण हा जोड इंग्रजी बोलणारे स्पॅनिश शिकताना गोंधळतात, आपल्याला बराचसा फुकटात मिळतो. येवार म्हणजे नेणे, त्राएर म्हणजे आणणे. मला एअरपोर्टला ने, येवामे आल आएरोपुएर्तो. छत्री घेऊन जा, येवाते एल पाराग्वास. तुम्ही तोमार लिहिलंत म्हणजे 'ही घे छत्री, हातात धर' एवढंच झालं, नेण्याचं काही आलंच नाही त्यात. हॉटेलात 'पार्सल' म्हणायचं तर पारा येवार, म्हणजे न्यायला. ब्युनोस आयर्समध्ये हेच शेवार असं ऐकू येईल, घाबरू नका. आणि वेळ लागतो तिथेही हेच, मे येवा दोस ओरास, मला दोन तास लागतात, यातला 'मे' म्हणजे आपला 'मला'च, जागासुद्धा तीच.

एक खड्डा मात्र आहे. मित्राने जेवायला बोलावलंय, आपण फोनवर म्हणतो 'येताना केक आणतो'. स्पॅनिशमध्ये त्राएर लावलंत तर चूक, कारण मी आत्ता जिथे उभा आहे तिथून केक लांब चाललाय, म्हणजे तो 'नेला' जातोय, यो येवो एल पास्तेल. कुणी हाक मारली की आपण 'आलो आलो' म्हणतो, ते म्हणतात या बोय, शब्दशः 'जातोच'. ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बोलायची आपली सवय तिथे चालत नाही, बोलणारा जिथे असेल तिथूनच मोजायचं.

आता तोमार. ते घेणेच आहे, त्यात वाद नाही, पण किती घेणे आहे ते मला ऑफिसच्या एका कॉलवर कळलं. अर्जेंटिनाच्या टीमबरोबर मीटिंग संपल्यावर अवांतर गप्पा चालल्या होत्या, एकाने मला विचारलं, तोमास? मी अगदी सरळपणे, हो, दिवसातून तीनदा, सकाळी उठल्यावर पहिली. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग जे हसलेत सगळे. मी चहाबद्दल बोलत होतो, त्याने विचारलं होतं 'घेता का?' आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर कुणी हळूच विचारतं ना, अगदी तसंच, कर्म न लावता. लॅटिन अमेरिकेत तोमार म्हणजे पिणे हा रोजचा अर्थ आहे आणि नुसतं 'तो घेतो' म्हटलं की जे आपल्याला कळतं तेच त्यांनाही कळतं. फिरकी घेणे यातही तोमार आहे, फक्त ते फिरकीऐवजी केस घेतात, तोमार एल पेलो.

परीक्षेचं तर विचारूच नका. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, आपल्याकडे मास्तर घेतात आणि पोरं देतात. अर्जेंटिनात तोमार एक्सामेन म्हटलं तर ते मास्तरच करतात, परीक्षा घेणं! पोरं ती रेन्दिर करतात, दक्षिण अमेरिकेत काही ठिकाणी थेट दार म्हणजे देतात. स्पेनमध्ये नुसती 'करतात', आसेर.

आणखी एक शब्द कुणीतरी सुचवेलच, कोखेर. स्पेनमध्ये बस पकडायला, टॅक्सी पकडायला, फोन उचलायला सगळीकडे हाच चालतो, कोलंबियात, क्युबातही चालतो, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो शिवीच्या पंगतीतला शब्द आहे. तिथे बस तोमार करा. कुठे जाणार ते ठरलं नसेल तरी तोमारच करा, स्पेनमध्ये कुणी हसणार नाही.

राहिलं तुमचं पाचवं वाक्य. तिथे टेक विसरा, साकार, एचार सगळं विसरा. सालिओ आ सु पाद्रे. सालिर म्हणजे बाहेर पडणे, निघणे, म्हणजे पोरगं बापासारखं निघालं. आपणही म्हणतोच की, कार्टं बापासारखंच निघालं.