1978 च्या पद्मिनीत कोणतं इंजिन टाकू: एस्टीमचं, जिप्सीचं की डिझेल?

वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, धूर मारते, घाटात दम टाकते, म्हणून इंजिनच बदलायचं आणि एस्टीम, जिप्सी की डिझेल एवढंच ठरायचंय, असं तुम्ही विचारलंय. आधी माझा गाढवपणा ऐका. माझ्याकडेही पद्मिनीच होती, आणि मी एस्टीमचं इंजिन उचललं, का तर 85 हॉर्सपॉवर, आणि आपली पद्मिनी 40 ची. भंगारवाला म्हणाला गिअरबॉक्सपण घेऊन जा, मी म्हटलं काय करायचाय, पैसे वाचवले. ते इंजिन पुढे आठ महिने मामाच्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडून होतं आणि शेवटी घेतलं त्यापेक्षा कमी पैशात गेलं.

झालं काय, तर एस्टीमचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. पद्मिनीचं उभं बसतं, मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागची चाकं. म्हणजे नुसतं इंजिन फिरवून भागत नाही, त्याच्या पाठीला बसेल असा उभा गिअरबॉक्स पाहिजे. मी कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो, म्हटलं मध्ये प्लेट करून द्या, पद्मिनीचाच गिअरबॉक्स जोडू. त्याने दोन्हीकडची भोकं बघितली, व्हर्निअर खिशात ठेवला आणि म्हणाला प्लेट करून देईन हो, पण सेंटर जरा जरी हललं तरी गिअरबॉक्सची बेअरिंग खाणार आणि मग तुम्ही माझ्या नावाने खडे फोडणार. वर इंजिनचं चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, बरोबर क्रॉस मेंबरवर, म्हणजे इंजिनखालच्या आडव्या लोखंडी आधारावर टेकत होतं, म्हणजे एकतर चेंबर कापा नाहीतर इंजिन वर उचला, आणि वर उचललं की बॉनेट लागत नाही.

त्यामुळे हॉर्सपॉवर शेवटी बघा. आधी बघायचं की ते इंजिन मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतून उभं निघालंय का आणि त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स सोबत मिळतोय का. या हिशोबाने एस्टीम गेली. जिप्सीचं 1298 सीसी इंजिन बसू शकतं, गिअरबॉक्सही उभाच आहे, पण चेंबर, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार), रेडिएटर सगळं नव्याने जुळवत बसावं लागतं.

मी आज करायला घेतलं तर 118एनईचं इंजिन शोधेन, गिअरबॉक्ससकट. तीही प्रीमियरचीच गाडी, 1985 ला आली, बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निसानचं ए12, 1171 सीसी, साधारण 52 हॉर्सपॉवर. 12 घोडे जास्त म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण पद्मिनीचा क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, तीन बेअरिंगवर फिरतो आणि ए12 चा पाचवर, स्ट्रोकही (पिस्टनची वरखाली धाव) 75 च्या जागी 70 मिमी, त्यामुळे तासभर एका स्पीडला चालवली तरी इंजिन रडत नाही. कारबोरेटरचंच आहे, वायरिंगची भानगड नाही, गावातला मेकॅनिक उघडू शकतो. एक मात्र आहे, त्याचा गिअर खाली असतो, म्हणजे फ्लोअर कापायला लागेल आणि तुमच्या गाडीला स्टिअरिंगचा गिअर असणार, तो नुसता शोभेला राहील, पुढच्या सलग सीटवर मधे बसणाऱ्या पोराची जागा पण गेली. मला स्वतःला हेच जास्त मनाला लागेल, पण ते तुमचं तुम्ही बघा.

इंजिन घ्यायच्या आधी मागचं डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांना देणारी गिअरची पेटी, मोजा, फुकटचं काम आहे. गाडी न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर अडवून, शाफ्टवर खडूची रेघ मारायची, वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते कोणालातरी खाली झोपवून मोजायला लावायचं. तो आकडा म्हणजे तुमचा रेशो. जितका मोठा तितकं इंजिन हायवेवर जास्त ओरडणार, मग ते कुठलंही टाका. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत हे विसरू नका, 85 घोडे टाकून ते थांबवणार कशाने?

डिझेलचं डोक्यातून काढा. कंपनीने स्वतः 137डी नावाची डिझेल पद्मिनी काढली होती हे खरं, पण तुमच्या आरसीवर पेट्रोल लिहिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचं म्हणणं एकच, कंपनीने मुळात जे दिलंय त्यापेक्षा आरसीतली नोंद वेगळी पडेल असा बदल चालत नाही. आता गंमत बघा, पद्मिनीच्या 1089 सीसीचं 1171 झालं तरी नोंद बदलतेच की. म्हणून 118एनईचंसुद्धा आरटीओत आधी विचारून, लेखी परवानगी मिळाली तरच, आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचे कागद हातात असतील तरच. नाहीतर अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला इंजिन नंबर बघतो.

अजून एक, तुमची गाडी 2028 ला 50 वर्षांची होतेय. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, पण इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा बदल झालेला नको. इतकी जवळ आलेली गाडी मी तरी आत्ता कापणार नाही.

आणि मुळात धूर मारते म्हणून इंजिनच बदलायचं हे कोणी सांगितलं? निळा धूर असेल तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड गेलेत. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने बघून घ्या, गरम इंजिनवर, प्लग चारही काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. ते आठ आकडे इथे टाका, मग बोअर करायचं का नुसतं हेड उतरवायचं ते सांगतो.