आईला सांगायचा आकडा

प्रश्न: ताई, मी 27 वर्षांचा. चार वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोय. घर दोन म्हशींवर चालतं. पहाटे पाचला उठायचं टाइमटेबल दर महिन्याला नव्यानं बनवतो, आठवडाभरही टिकत नाही. मोबाईल सुटत नाही. रात्री नऊला आईचा फोन येतो, बारा तास झाले म्हणून सांगतो नि झोपतो. अंगात शिस्त कशी आणू?

उत्तर: टाइमटेबलचं राहू दे, मोबाईलचंही राहू दे. एक ओळ तू घाईघाईत लिहून पुढे निघून गेलास, मी तिथंच अडकलेय. रोज आईला 'बारा तास झाले' सांगतोस.

झाले का रे खरंच?

सकाळी अभ्यासिकेत टेबलावर बॅग टाकली आणि रात्री उचलली, हेच तुझे बारा तास ना? त्यात टपरीवरचा चहा आला, मेसची रांग आली, जेवून आल्यावर पुस्तकावर डोकं टेकून काढलेली झोप आली, कट-ऑफच्या गप्पा आल्या. आई यातलं काही विचारत नाही. धारा काढून, हात पुसून ती फोन लावते आणि तुझ्या शब्दावर निवांत झोपते.

आणि तूही झोपतोस, याचा मला राग येतो. नऊला बारा तास सांगून टाकले की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं. मधले तास कुठं गेले ते बघायची गरजच उरत नाही. टाइमटेबल टिकणार कशाच्या जोरावर?

2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, 1750 गुणांची. आता नुसते गोल काळे करून भागत नाही, 3 तास हात चालवावा लागतो. जागेवरून न उठता सलग तीन तास शेवटचं कधी लिहिलंस? आठवत नसेल, तर ते बारा तास कवडीमोलाचे आहेत.

उद्या वहीच्या मागच्या पानावर बसल्याची वेळ लिही, उठलास की उठल्याची. चहाला उठलास तरी लिही. रात्री बेरीज कर. चार तास दहा मिनिटं भरली, तर आईला चार तास दहा मिनिटंच सांगायचं. जीभ अडखळेल. ती गप्प होईल, कदाचित रडेलही. तरी सांग, आणि परवाही सांग. महिनाभर पहाटे पाचचं नाव काढू नकोस.

फोन उचललास की आधी आकडा सांग, म्हशींची चौकशी मग कर.