बोलताना सारखा घसरणाऱ्या उमेदवाराने माघार घ्यावी का?

तुमचा उमेदवार प्रत्येक सभेत भलतंच काहीतरी बोलून बसतो, व्हिडिओ फिरतात, त्याच्याच बाजूचे लोक 'अर्ज मागे घे' म्हणायला लागलेत, तर त्याने घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नये. माघार मागणारे कोण आहेत ते आधी बघा. त्यातल्या निम्म्यांना स्वतःला उभं राहायचं होतं.

मी बेळगावचा. आमच्या महापालिकेची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर झाली ती 2021 ला. त्याच्या आधी मराठी पॅनेल, कन्नड पॅनेल असाच हिशेब असायचा. त्या काळात वडगावकडच्या एका वॉर्डात आमचा एक माणूस उभा होता. त्याला अण्णा म्हणू. मी त्याचा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही.

विणकरांच्या गल्लीत कोपरा सभा होती. घराघरात माग, समोर बसलेली सगळी साडीवर पोट असलेली माणसं. अण्णाला आपली साधी राहणी सांगायची होती. म्हणाला, "पोरीच्या लग्नाचा बस्ता आम्ही सुरतेहून आणला, इथल्यापेक्षा स्वस्त पडला बघा." मी माईकची वायर उपटली, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढची बैठक शेतकऱ्यांची. हलगा-मच्छे बायपासमध्ये सुपीक जमीन जाणार म्हणून लोक पेटलेले, आणि हा म्हणतो, "रस्ता झाला तर खानापूरला मात्र लवकर पोचता येतंय." चहा ठेवला होता, तो न घेताच आम्ही निघालो.

माघारीच्या आदल्या रात्री देवळात पंच मंडळी बसली. पुढे कोण, तर आमचे साडू. "त्याला मागे घे म्हणून सांग. तोंड उघडला की मतं जायलेत." मी म्हटलं, बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतं तेव्हा चिखलात उभा कोण असतो? म्हातारीच्या पेन्शनचा कागद घेऊन ऑफिसात कोण बसतो? साडूंचा स्वतःचा एक उमेदवार तयारच होता. फर्डा वक्ता. अख्ख्या पावसाळ्यात तो नाल्याकडे फिरकल्याचं कुणी सांगावं! अण्णा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बोलायला येत नाही म्हणून काम पण येत नाही काय?" त्याने अर्ज ठेवला, साडूंच्या माणसानेही ठेवला, दोघेही पडले आणि तिसराच निवडून आला. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात साडू मला ऐकवतात, "तुझ्या अण्णानं जागा घालवली." दोघांच्या मतांची बेरीज तिसऱ्यापेक्षा जास्त होती, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी निघत नाही.

जागा घालवते ती फूट. 2013 ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर मिळून समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे, दोन आमदार होते. 2018 ला समितीचे दोन गट आमनेसामने आले आणि हातात भोपळा. सभेत कोण काय चुकीचं बोलला हे त्यात कुणाला आठवतंय? तसे आम्ही माघार न घेण्यात जुने आहोत म्हणा. 1996 ला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला बेळगाव लोकसभेला एवढे अर्ज पडले की 456 उमेदवार रिंगणात राहिले. त्याच वर्षी लोकसभेचं डिपॉझिट 500 वरून 10,000 झालं.

आता तुमच्या कामाचं. विधानसभा-लोकसभेला माघार ठरलेल्या दिवशी दुपारी तीनच्या आत, लेखी. उमेदवाराने स्वतः द्यावी, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने किंवा निवडणूक प्रतिनिधीने. एकदा दिली की परत फिरवता येत नाही. वेळेत घेतली तर डिपॉझिट परत मिळतं. मुदत टळली असेल तर सगळी चर्चाच फुकट. नाव मशीनवर राहणार, पडलेली मतं मोजली जाणार, 'मी अमक्याला पाठिंबा देतो' हे नुसतं पत्रकापुरतं. आणि माघारीसाठी कुणी पाकीट पुढे केलं तर कायद्याने ती लाच आहे, हे त्याच्या कानावर घाला.

हो, एक राहिलं. हे सगळं वेंधळ्या माणसाबद्दल. तुमचा उमेदवार जातीवरून, धर्मावरून लोकांना भडकवत असेल तर ती घसरलेली जीभ नाही, गुन्हा आहे. त्याला घरी बसवा, आणि माझं उत्तर त्याच्या बाजूने वापरू नका. अण्णा माझा दोस्त होता, तेवढं धरून वाचा.

बाकी साडू इथे वाचतात हे मला माहीत आहे. त्यांनी खाली एवढंच लिहावं: त्या दिवशी तीन वाजेपर्यंत कचेरी उघडी होती, मग तुमच्या फर्ड्या वक्त्याने अर्ज मागे का घेतला नाही?