युद्ध सुरू असताना मानवी हक्क, युएन, आंतरराष्ट्रीय करार यांचा सामान्य माणसाला खरंच काही उपयोग होतो का?

होतो. मला झालाय. "युएन म्हणजे चहा-बिस्किटांचं मंडळ" हे आमच्या भावोजींकडून दर गणपतीत ऐकून कान किटलेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर. मार्च 2024 मध्ये आमचं जहाज रोमानियातून गहू भरून सुएझकडे निघालेलं, पुढे लाल समुद्रातून खाली जायचं होतं. 6 मार्चला एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या मालवाहू जहाजावर हुतींचं (येमेनमधले बंडखोर) मिसाइल पडलं, तीन खलाशी गेले. मेसमध्ये त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. दाभोळचा एक पोरगा होता, पहिलंच जहाज त्याचं, त्याची आई रोज फोनवर रडायची आणि हा आईला सांगायचा की आम्ही तिकडून जातच नाही.

आता ऐका. आमच्या कॉन्ट्रॅक्टला आयटीएफचा, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, करार लागू होता. जहाजमालक आणि जगभरातल्या खलाशांच्या युनियन एकत्र बसून ठरवतात की समुद्राचा अमुक भाग धोक्याचा, तिथे जायला खलाशी नाही म्हणू शकतो आणि त्याला घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. दक्षिण लाल समुद्र त्या यादीत होता. हा कागद जहाजावर ठेवावाच लागतो, 2006 च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्येच, म्हणजे युएनच्या कामगार संघटनेच्या खलाशांसाठीच्या करारातच, तसं आहे, आणि भारतानं ते 2015 ला मान्य केलंय. बोसननं (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तो फाईलमधून शोधून काढला, मी नियम वाचून दाखवला.

मग मुंबईहून ऑफिसचा फोन. आधी गोड, "अरे डबल बेसिक मिळतोय, दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." मग, "पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं काय ते तू बघ बाबा." मी म्हटलं, सर हेच जरा मेलवर लिहून पाठवा ना, मी युनियनला फॉरवर्ड करतो. मेल काही आला नाही, तिकीट आलं. मी आणि तो पोरगा पोर्ट सैदला उतरलो. आमच्या जागी दुसरे दोघं चढले हेही खरं, त्यांना पैशांची गरज आमच्यापेक्षा जास्त असणार. जहाज सुखरूप पार झालं.

घरी आलो तर भावोजी म्हणतात, "पळून आलास." वर हेही, की ट्रू कॉन्फिडन्सची माणसं आपल्या नेव्हीनं वाचवली, कुठल्या करारानं नाही. वाचवली ना, आयएनएस कोलकातानं वाचवली, अभिमानच आहे. पण भावोजी, जहाज बार्बाडोसच्या झेंड्याचं, वाचलेल्यांत भारतीय एकच, बाकी बहुतेक फिलिपिनो. कोलकाताला कोणी विचारलं का पासपोर्ट कुठला म्हणून? समुद्रात अडकलेल्याला वाचवायचंच, मग तो कुठलाही असो, हा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे आणि करार करार म्हणतात तो हाच.

आणि त्याच समुद्रातली दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. येमेनच्या किनाऱ्याजवळ सेफर नावाचा गंजलेला टँकर वर्षानुवर्षं उभा होता, पोटात अकरा लाख बॅरलच्या वर तेल. फुटला असता तर मासेमारी संपली असती, आणि होदेदा बंदर बंद पडलं असतं तर येमेनचं बरंचसं धान्य अडकलं असतं. युएननं लोकांकडूनसुद्धा वर्गणी काढून दुसरा टँकर विकत घेतला, हुतींशी आणि तिथल्या सरकारशी दोघांशी बोलून ऑगस्ट 2023 पर्यंत जवळजवळ सगळं तेल त्यात उतरवलं. युद्ध चालू असताना. काहीच फुटलं नाही म्हणून फारशी चर्चाही झाली नाही.

हां, आता एवढंही गुलाबी नाही. जानेवारी 2024 मध्ये सुरक्षा परिषदेनं हल्ले थांबवा असा ठराव केला, हुतींनी ढुंकून पाहिलं नाही, जुलै 2025 मध्ये आणखी दोन जहाजं बुडवली. हुतींनी पळवलेल्या गॅलेक्सी लीडर जहाजाचे 25 जण चौदा महिने ओलीस होते, शेवटी सुटले ते गाझात युद्धविराम झाल्यावर, ओमानच्या मध्यस्थीनं. मिसाइल अडवायला कागद कामाचा नाही. आणि माझ्याकडे होता तो हक्क प्रत्येक खलाशाकडे नसतो, ज्या जहाजाला असा करारच नाही तिथे बऱ्याचदा कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा. डबल बेसिक म्हणजे फक्त मूळ पगार दुप्पट, सगळा पगार नव्हे, हेही एजंट सांगत नाही.

तुम्ही प्रश्न जगाबद्दल विचारलाय, मला जहाजापुरतंच कळतं. घरातलं कोणी जहाजावर जाणार असेल तर सही करायच्या आधी जहाजाला आयटीएफचा करार आहे का ते विचारा, असेल तर त्याची कॉपी फोनमध्ये ठेवायला सांगा. आणि ऑफिसचा फोन आला की नम्रपणे म्हणायचं, सर, मेलवर पाठवा.