बोटीच्या गादीवाल्या सीटला लोखंडी फ्रेम चालेल का?

खाऱ्या पाण्यात नकोच. पावडर कोटिंग केलं तरी स्क्रूच्या भोकातून गंज शिरतो आणि गादीखाली दिसतही नाही. ३१६एल ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची नळी घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ती खाऱ्या पाण्यात नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त टिकते. फॅब्रिकेटर म्हणेल, “३०४ पण स्टेनलेसच की!” ऐकू नका. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, टेस्ट सर्टिफिकेट मागा. वेल्डिंग टिगचं (टंगस्टन इलेक्ट्रोड वापरून केलेलं) घ्या, जोडाजवळचा निळा-काळा डाग पिकलिंग पेस्टने (धातू साफ करायची आम्लाची पेस्ट) काढून घ्या, गंज बहुतेक तिथूनच धरतो. माप टेपने नको, बोटीची बाजू वळलेली असते. पुठ्ठा जागेवर धरून कापा आणि तोच वर्कशॉपला द्या. गादीच्या कापडाच्या जाडीसाठीही जागा सोडा. आणि बैठकीच्या मरीन प्लायला (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडला) पाणी निथळायला भोकं हवीतच.