जुना मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं चांदीचं नाणं) झिजलेला आहे की न वापरलेला, हे कसं ओळखायचं?

आधी वजन करा: 26.73 ग्रॅम भरायला हवं. बराच फरक असेल तर नाणं नकली असण्याचीच शक्यता जास्त.

मग कडेला धरून एकाच दिव्याखाली तिरकं फिरवा. झीज आधी दिसते ती पुढच्या बाजूला लिबर्टीच्या (स्त्रीमुखाच्या) कानावरच्या केसांवर आणि मागच्या बाजूला गरुडाच्या छातीवर. तिथे चमक तुटून करडेपणा आला असेल तर नाणं वापरातलं, म्हणजे नाण्यांचा दर्जा मोजायच्या 1 ते 70 च्या श्रेणीत 58 किंवा खाली. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतल्या, ‘ओ’ खुणेच्या नाण्यांचा छाप मात्र अनेकदा मुळातच कच्चा असतो. छाती सपाट, पण चमक अखंड फिरते, तर ती झीज नव्हे. गालावरचे ओरखडे बहुतेक थैलीत नाणी एकमेकांवर आदळल्याचे. त्यांनी श्रेणी उतरते, इतकंच.

आणि कृपा करून चिंच किंवा पावडर लावून घासू नका. बारीक रेषा उमटतात, त्या कायमच्या.