साथ ओसरताना नियोजित शस्त्रक्रिया पुन्हा कशा सुरू कराव्यात?

तुमचा प्रश्न असा: शंभर खाटांचं रुग्णालय, दोन ओटी (शस्त्रक्रियागृहं), कोविडचे रुग्ण कमी होत आहेत, थांबवलेल्या शस्त्रक्रिया कशा सुरू करायच्या?

ओटी रिकामी दिसली म्हणून लगेच शस्त्रक्रियांची यादी लावू नका. अडतं ते सहसा ओटीबाहेर. प्रोपोफॉल, मिडॅझोलॅम, अ‍ॅट्राक्युरियम ही भूल देणारी, गुंगी आणणारी आणि स्नायू सैल करणारी औषधं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांनाही लागतात, साठा एकच. रक्तदान शिबिरं बंद असली की रक्तपेढीही कोरडी पडते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी परिचारिका आणि रुग्णालयांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यात परिसरातली नवी रुग्णसंख्या निदान १४ दिवस सातत्यानं घटत असावी, अशी अट होती. ती पाळाच, पण औषधं, रक्त आणि आयसीयूतल्या मोकळ्या खाटा यांची मोजणी दर आठवड्याला स्वतः करा.

कोविड होऊन गेलेल्या रुग्णाला केव्हा घ्यायचं, इथे सर्वाधिक चुका होतात. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे फुप्फुसं सावरली असं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या अभ्यासात ११६ देशांतले १,४०,२३१ रुग्ण होते. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत ३० दिवसांतला मृत्युदर ४.१ टक्के, पाचव्या-सहाव्या आठवड्यातही ३.६, सात आठवड्यांनंतर मात्र १.५, म्हणजे संसर्ग न झालेल्यांइतकाच. सात आठवडे उलटूनही दम लागणं, खोकला अशी लक्षणं टिकून असतील, तर ६ टक्के. ही आकडेवारी व्यापक लसीकरणाआधीची आहे. लस घेतलेल्या, सौम्य आजार झालेल्या रुग्णाला लवकर घेता येईल, आणि वाढत्या गाठीची शस्त्रक्रिया तर थांबवू नयेच. तो निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी मिळून घ्यावा.

आरटीपीसीआर शस्त्रक्रियेआधीच्या ७२ तासांत करा आणि स्वॅब दिल्यापासून रुग्णाला घरातच वेगळं राहायला सांगा. स्वॅब दिल्यावर तो चार लोकांत मिसळला, तर त्या अहवालाला अर्थ उरत नाही. अहवाल निगेटिव्ह असला तरी श्वासनलिकेत नळी घालताना एन-९५ मास्क हवाच.

सुरुवात त्याच दिवशी घरी जाणाऱ्या, आयसीयू न लागणाऱ्या केसेसनी करा. स्पायनलमध्ये (पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून) होत असेल तर उत्तम. पण स्पायनल फसलं की घाईनं नळी घालावी लागते, म्हणून पीपीई आधीच चढवलेलं असावं. क्रम ठरवताना वाद होणारच. त्यासाठी मेंट्स (MeNTS) ही कोणती शस्त्रक्रिया आधी, कोणती नंतर हे ठरवणारी गुणपद्धती आहे: २१ मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज जितकी जास्त तितकी केस मागे.

आता ओटीतल्या हवेचा मुद्दा. नळी घालताना आणि काढताना खोलीत फक्त भूलतज्ज्ञ आणि मदतनीस, दार बंद. ओटीत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे दार उघडलं की हवा कॉरिडॉरमध्ये जाते. तासाला २० वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९.९ टक्के कण निघायला २१ मिनिटं लागतात. ६ वेळाच बदलत असेल तर ६९. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तो या हिशोबात धरू नका. जनरल भुलीच्या पाच केसेस, नळी घातल्यावर आणि काढल्यावर अशी प्रत्येकी दोनदा २१ मिनिटं, म्हणजे दिवसाचे साडेतीन तास नुसते थांबण्यात जातात. यादी लिहिताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारी घाई होते आणि दार लवकर उघडलं जातं.

मास्क आणि सर्किट (भूलयंत्राच्या श्वासनळ्या) यांच्या मध्ये विषाणूरोधक फिल्टर लावा. लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) ट्रोकार, म्हणजे पोटात घातलेल्या नळ्या, काढण्याआधी पोटातला वायू फिल्टरमधून बाहेर काढा.

पहिल्या आठवड्यात नेहमीच्या यादीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये, असं माझं मत. आणि किती आयसीयू खाटा उरल्या की यादी बंद, तो आकडा आजच लिहून ओटीच्या दारावर लावा. रुग्ण टेबलावर असताना त्यावर चर्चा होत नाही.